आई वाटून देती!

टाळ ठेवा खाली! मृदंगबुवा, तुम्हीपण जरा दम खा! मंडळी, आज एकच विचारतो: खरं शोधायला निघालेल्या माणसापुढं खरं आपणहून येऊन उभं राहिलं, तर त्याला ते दिसतं का? दिसतं म्हणता? बरं, ऐका मग!

आपल्याच गावची पोर, प्रांजली खोत. कुस्ती करते. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आलेली — आणि तालमीत आला एक पाव्हणा! नाव अभिराज. टीव्हीवाला! खेळाडूंच्या आयुष्यातली काळी गुपितं खणून काढणारा! पण सांगितलं काय? "भाचीला कुस्ती शिकवायचीय." शर्टाच्या गुंडीत कॅमेरा! वस्तादाशी बोलताना छाती अशी पुढं... अशी! हसू नका, पहिलवान नव्हता तो, गुंडी नीट धरत होता!

आपला रंगा वस्ताद भोळा माणूस. म्हणाला, "पाव्हणं, आधी पोरीला खुराक लावाय लागतो. खुराक तुटला की पोरगी ढेपाळलीच!"

गुंडी थरथरली! "कुठून आणता?"

"आणायचा कुठनं? प्रांजलीची आई वाटून देती की!"

आता तुम्ही-आम्ही काय समजलो? पाटा-वरवंटा, भिजवलेले बदाम, वर खसखस! आणि हा शहाणा काय समजला? बाई उत्तेजक औषध वाटत फिरते — घरोघर!

तेवढ्यात प्रांजली आली. तिनं तोंडावरून ओळखला. "दादा, तुम्ही टीव्हीवरचे ना? मग खरी बातमी घ्या. कुस्ती संघटनेचे अध्यक्ष म्हणाले, निवड पाहिजे तर संध्याकाळी एकटी बंगल्यावर ये. मी गेले नाही. आता माझं नाव कापतील."

मंडळी, कॅमेरा चालू होता! आणि हा म्हणतो काय? "ते नंतर बघू, ताई. आधी खुराकाचं सांगा!"

लागला की कार्यक्रम! लाल अक्षरं, ढॅण-ढॅण संगीत — "आईनेच वाटलं विष!" आणि चर्चेला तज्ज्ञ कोण? अध्यक्षसाहेब! डोळ्याला रुमाल लावून म्हणाले, "मुली आमच्या लेकीच आहेत. कारवाई होणार!" झाली! नाव कापलं, उत्तेजकाची तपासणी लावली. निवड होऊन गेल्यावर तपासणीचा निकाल आला, पोरगी स्वच्छ! तीही बातमी दिली हो त्यांनी — खाली बारीक अक्षरांत. वर एका नटाच्या लग्नाची वरात चालली होती.

हसलात? हसा! आणि तो व्हिडिओ पुढं पाठवला कुणी? चौकात तिला "ए खुराक!" म्हणून हाक मारतं कोण? मला राग आलाय मंडळी, आणि अभिराजपेक्षा तुमचा जास्त आलाय. त्यानं पोटासाठी केलं. तुम्ही फुकटात केलंत!

काल प्रांजली माझ्याकडं आली. म्हणाली, "महाराज, माझं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकलंच नाही. मला बोलू द्याल?" म्हणून हे आख्यान मी अर्धं ठेवतो. उरलेलं ती सांगणार. ये बाळ, पुढं ये. हा माईक घे, भिऊ नको. आणि मंडळी, काढा मोबाईल! आता करा शूटिंग! ...अहो अध्यक्षसाहेब, उठताय कुठं? आजचा प्रसाद तुमच्याकडूनच आहे ना? मग बसा की! वाटप आत्ता तर सुरू होतंय!