गुलालातला डाग

नानाजी: आइक बाबू, कारंजाची गाडी काई इतक्यात येत नाई. बस या बाकड्यावर. तुले एक असा किस्सा सांगतो, का पाठीची आग इसरून जाशीन. नाई इसरला, त मंग जाय. म्या सोता तुही बॅग गाडीत चढवतो.

मुबश्शिर: किस्से नको, चाचा. सकाळी तुमच्या किन्हीराजावाल्यायनं जाळी तोडून मले हानलं. पाठीत वेळूचा दांडा. हा पंचाचा शर्ट पाहा, चिंध्या झाल्या. माहा गुन्हा काय? पेंटबॉलच्या सामन्यात तुमच्या गोविंदाच्या मांडीवर बंदुकीतली रंगाची गोळी फुटली, म्या त्याले बाद देल्लं. बस्स!

प्रयागबाई: घे रे बाबू, अद्रकाचा चहा. जपून पेजो, ओठ फाटला तुहा.

नानाजी: गोविंदा बाद होताच. दांडावाल्याच्या कानफटात म्या अशी देल्ली, का अजून त्याले शिट्टीच आइकू येऊन राह्यली असन.

मुबश्शिर: आन तुमचा पोरगा? गणेश? कप्तान हाये ना टीमचा? तो बाजूले उभा राहून हसत होता.

नानाजी: हसत असन. माह्यंच येडं हाये ते. रंगबी पुसते. गोळी लागली का बाही घासली, डाग गायब. साऱ्या मालेगावले माहीत हाये.

मुबश्शिर: मंग मले थांबवायले काहून आले तुमी?

नानाजी: तू गेला, त मैदानवाला नवीन दुपारच्या मानोऱ्यासंगच्या फायनलले जुनेच पंच उभे करन. एक आमचा, एक मानोऱ्याचा. आन मानोऱ्याच्या पोट्ट्यायनं जीपमदी काय आनलं, ते या प्रयागबाईले विचार.

प्रयागबाई: सळया. पोत्याखाली. जीप माह्या टपरीपुढंच लागली होती. चहा द्यायले वाकली, त हाताले गार लागलं. म्हणलं, काय रे हे? तर म्हणे, "मावशी, मागच्या सालचं बाकी हाये."

मुबश्शिर: मागच्या साली काय झालं होतं? नवीनभाई त म्हणे, थोडी बाचाबाची झाली.

प्रयागबाई: बाचाबाची! व बाप्पा!

नानाजी: तेच सांगून राह्यलो ना. हेमसिंग नावाचा गडी. तिकडं पोहरादेवीजवळच्या तांड्यावरचा. कबड्डीचा जुना पंच. आवाज असा, का पळता बैल उभा राहावा. नवीननं त्याले मोठा पंच केलं, आन त्याच्या हाताखाली दोघं देल्ले. ज्याची टीम, त्याचा पंच.

मुबश्शिर: आपल्याच टीमचा पंच? असं कुठं असते का?

नानाजी: आमच्या इकडं असते. नाई ठेवला, त पाव्हणेमंडळी रुसते. एक माती ती खाल्ली. आन दुसरी...

प्रयागबाई: गुलाल.

नानाजी: मले सांगू दे ना व! सकाळी सेमीफायनल जिंकल्या, डीजे लावला, पोतंभर गुलाल उधळला. आमचे पोट्टेबी लाल, मानोऱ्याचेबी लाल. तसेच्या तसे दुपारी फायनलले उतरले. आन नवीननं गोळ्या कोन्या रंगाच्या आनल्या असतीन?

मुबश्शिर: लाल नका सांगू, चाचा.

प्रयागबाई: गुलाबी.

मुबश्शिर: या अल्ला.

नानाजी: हेमसिंग बोंबलून राह्यला, पोट्टे हापशीवर धुऊन आना, मंगच शिट्टी मारतो. पन मंडपातल्या पाव्हण्याइले घाई. म्हणे, करा सुरू. केलं सुरू. टायराच्या मागून, ड्रमाच्या मागून, फटफट फटफट. कोनाले लागली, कोनाले नाई, हेमसिंगले उमजे ना. जलमभर त्यानं चुन्याची रेघ पाहून निकाल देल्ला. पाय रेघंच्या इकडं का तिकडं, झालं. इथं त रेघच नाई, सारा लाल चिखल.

मुबश्शिर: मंग खेळ थांबवायचा ना.

नानाजी: थांबवनारच होता. तितक्यात गणेशच्या पाठीत फाटकन फुटली. मानोऱ्याचा पंच म्हणे, रंग! आमचा पंच म्हणे, गुलाल! गणेश म्हणे, घामानं गुलाल ओला झाला. हेमसिंग आला, बोट लावलं, चोळलं. मास्कची काच घामानं भरलेली, काई दिसे ना. त्यानं मास्क वर केला.

मुबश्शिर: मैदानात? भरल्या बंदुकायमदी?

नानाजी: सकाळी त्यानंच पोट्ट्याइले दम देल्ला होता, मास्क काढान त टांगळी तोडीन. त्याले का समजत नव्हतं? पन न पाहता निकाल कसा देऊ, हे त्याच्या डोक्यात. नाकापाशी नेऊन वास घेतला, मंग हात वर केला. "गणेश बाद!" अशी हाक, का मंडपातले भोंगे गपगार.

मुबश्शिर: मंग?

नानाजी: मंग काय! आमच्या लोकायनं जाळीचे वेळू उपटले. मानोरावाल्यायनं बंदुका उलट्या धरल्या आन दस्त्यानं टाळके फोडायले लागले. याच गोविंदाचं कपाळ उकललं. रगत, रंग, गुलाल, कोन्तं काय ते वळखू ये ना. एका पोट्ट्याचा हात टायरावर आडवा धरला आन दुसऱ्यानं वरून लाथ घातली. तुराटी मोडावी तसा आवाज झाला, कडाक! त्याची माय जाळीपलीकडून ओरडे, का सोडा रे, ऊस नाई तो!

प्रयागबाई: आन तुमी कुठी होते, भाऊजी, तेबी सांगा.

नानाजी: गुडघा लचकला होता माहा!

प्रयागबाई: मैदानावरच्या माह्या चहाच्या टेबलाखाली लचकला होता.

नानाजी: बरं बाई, खाली होतो. तिथूनच पाह्यलं. हेमसिंग दोघायच्या मधात शिरला, इकडं एकाची गचांडी, तिकडं एकाची. शिट्टी तोंडात. आन एक गोळी सुटली. हातभरावरून. त्याच्या डाव्या डोळ्यात.

(स्टोव्हचा आवाज.)

मुबश्शिर: कोनाच्या बंदुकीची?

नानाजी: ठाऊक नाई. म्या कोनाले विचारलंबी नाई. माह्याच घरातून जवाब आला असता, त?

प्रयागबाई: म्या पदर दाबला डोळ्यावर. भिजून हाताखाली गरम लागला, बाप्पा. पोट्टे त्याले जीपमदी कोंबून राह्यले, आन तो दाराले धरून उभा. म्हणे, "पह्यले गणेशले मैदानाबाहेर काढा. मंग बसतो."

मुबश्शिर: काढलं?

नानाजी: कायचं! आमच्या लोकायनं त्या गडबडीत कप उचलला, गणेशले खांद्यावर घेतलं आन गावाले नेलं. हेमसिंगले अकोल्याले नेलं. डोळा काढून टाकला. मी गेलो भेटायले, केळं घेऊन. अर्धं तोंड पट्टीत. वाटलं, शिव्या देईन, पोलिसाचं बोलन. काई नाई. म्हणे, "नानाजी, गणेश बाहेर गेला का?" म्हणलं, नाई गेला. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. म्हणे, "मंग सामना अजून चालूच हाये."

मुबश्शिर: ...आता कुठं हाये तो?

नानाजी: तांड्यावर. शेळ्या राखते. मैदानात पाय ठेवत नाई. पन नवीनले बोलावून त्यानंच सांगितलं, पंच बाहेरचा आना, गुलाल बंद करा, गोळ्या निळ्या घ्या, पंचाचा मास्क मागून गाठ मारून बांधा. नवीननं सारं केलं.

मुबश्शिर: सारं केलं, तरी दांडा माह्याच पाठीत बसला.

प्रयागबाई: हे मातर खरं बोलला पोट्टा.

मुबश्शिर: साफ बोला ना, चाचा. तुमाले पंचाची फिकर नाई. त्या सळया गणेशसाठी आल्या, म्हणून धावत आले तुमी.

नानाजी: हाव. एकुलतं एक हाये. तो पुसन, आपला पंच डोळा मिटन, आन ते पोट्टे पोतं उचलतीन. यावेळी टेबलाखालून पाहवणार नाई मले.

मुबश्शिर: म्हणजे त्याले पह्यलेच बाद देऊ? डाग असो का नसो? त्यापेक्षा गाडीत बसलेलं बरं.

नानाजी: तसं नाई रे! डाग नसला, त खेळू दे. जिंकला त जिंकला. खोटा निकाल मागायले आलो असतो, त जुने पंच होतेच की घरचे.

प्रयागबाई: गाडी आली बरं. कारंजा लिव्हलं हाये.

मुबश्शिर: परत जाळी तोडतीन लोक.

नानाजी: जाळीपाशी मी उभा राह्यतो.

प्रयागबाई: मीबी येते. माह्यापाशी उकळता चहा हाये, कोन जाळी तोडते पाह्यते.

मुबश्शिर: शर्ट फाटला माहा.

प्रयागबाई: काढ इकडं. सुई-दोरा हाये.

मुबश्शिर: ...आन गणेशनं पुसला, त?

नानाजी: पुसायच्या आत हात वर कर. शिट्टी मार, नाव घे, बाहेर काढ. फकस्त एक कर बाबू, पाया पडतो. हात वर करतानी माह्याकडं पाहू नको.