टाकीवरचा जोड

सन्माननीय अध्यक्ष चारुदत्तराव, आजचे सत्कारमूर्ती विनयसर, त्यांच्या शेजारी बसलेल्या मेधावहिनी, आमच्या कंपनीच्या इथल्या डेपोतले सहकारी आणि त्सुकुबातल्या माझ्या मराठी मंडळींनो, सर्वांना नमस्कार. तिसऱ्या रांगेतल्या निशिनो-सान यांनाही. माझी लेक मैत्रेयी त्यांना माझं बोलणं जपानीत सांगते आहे. घरी मी मराठीत विचारलं तरी ती जपानीतच उत्तर देते, त्याचा आज प्रथमच उपयोग झाला.

मला सांगितलं होतं, कश्मिरा, विनयसर निवृत्त होताहेत, तू कंपनीचा इतिहास सांग. तयारीही केली होती. पण मघाशी दारात बूट काढताना जे ऐकलं, त्यानं माझी मतीच गुंग झाली आहे.

आमची ब्रॅक्सबी अँड सन्स ही इंग्लंडातली जुनी कंपनी. कालव्याकाठच्या शेडमध्ये जहाजांच्या साखळ्या करायची, मग पितळ, मग वेल्डिंगचे रॉड. एकदा शेड गळली, रॉड भिजले, तसेच विकले गेले. दमट रॉडचा जोड वरून छान दिसतो, आत पोकळ राहतो. कुठल्याशा गिरणीचा बॉयलर फुटला, माणसं भाजली. म्हाताऱ्या ब्रॅक्सबीसाहेबांनी शेडमधला सगळा माल कालव्यात टाकला. तेव्हापासून कंपनीचा नियम एकच, संशय आला की माल बाद.

ही गोष्ट सर प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी चहाबरोबर पाजत. मी नवीन असताना एका खोक्याची चिकटपट्टी सुटलेली दिसली, तर त्यांनी अख्खं खोकं भंगारात टाकायला लावलं. मनात मी त्यांना काय काय म्हटलं, ते अध्यक्षांसमोर सांगण्यासारखं नाही.

आणि आज? निशिनो-सान इथून जवळच एक वृद्धाश्रम चालवतात. मी सहज विचारलं, विनय-सानना कसं ओळखता? ते म्हणाले, दर महिन्याला एका रविवारी सायकलवरून येतात, टॉर्च घेऊन आमच्या पाण्याच्या टाकीखाली वाकतात आणि चहा न घेता जातात.

आम्हाला वाटायचं, सर व्यायामाला जातात!

मग वहिनींना गाठलं. २०११च्या भूकंपात डेपोतला पाइप फुटून सगळा माल भिजला होता. वृद्धाश्रमाची टाकी फाटलेली, नळ कोरडे, टँकर आला तरी पाणी साठवायचं कशात? वेल्डर होता, रॉड नव्हते, कोबेहून माल यायला रस्ते बंद. सरांनी भिजलेल्यांतले त्यातल्या त्यात बरे रॉड निवडून घरी आणले आणि ओल जावी म्हणून वहिनींच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये भाजले, आणि त्यांनीच टाकी जोडून घेतली. विनयसरांनी! मला अजून खरं वाटत नाही. ज्यांनी माझं खोकं टाकायला लावलं, त्यांनी!

वहिनींनी अडवलं, तेव्हा म्हणाले, "टाकीचं आज भागेल. माझं काय व्हायचं ते नंतर बघू."

आणि मग इंग्लंडला स्वतःच कळवलं. कुणी विचारलंही नव्हतं. नोकरी राहिली, पण कोबेच्या मुख्य कचेरीचं प्रमुखपद हातचं गेलं. आम्ही विचारायचो, सर, कोबेला का गेला नाहीत? म्हणायचे, त्सुकुबा सोडवत नाही. आम्ही हसायचो. आज माझी मान खाली जाते आहे.

टाकी नंतर दुरुस्त का करून घेतली नाही? निशिनो-सान म्हणतात, गळतच नाही, तर बदलायची कशाला? पण सरांचा त्या जोडावर विश्वास नाही. वहिनी म्हणाल्या, पुण्याला कायमचं परतायचं तिकीट काढल्यापासून त्यांना नीट झोप नाही. टाकीकडे कोण बघणार, एवढंच घोकतात.

चारुदत्तराव मघापासून घड्याळ दाखवताहेत. मंडळानं हॉल मिळवला, वहिनींनी आज एवढं सांगितलं, आपण सगळे आलात, मनापासून आभार. इतिहास सांगायला उभी राहिले आणि दुसरंच बोलले. काही अधिक-उणं बोलून गेले असेन तर पोटात घाला. सर, तुम्हीसुद्धा.

मैत्रेयी, एवढं शेवटचं निशिनो-सानना नीट सांग. पुढच्या महिन्यापासून टाकीखाली वाकायला मी येणार आहे.

सर, जाण्याआधी तो टॉर्च माझ्याकडे द्या.