आपांच्या मालकांची टोपी

काराकोलच्या फोटो स्टुडिओत सायकाल वडिलांच्या फोटोचा पेनड्राइव्ह मुठीत धरून बाकावर बसली होती. वडिलांना जाऊन चाळीस दिवस झाले होते. तिच्या आधी आलेली म्हातारी संगणकावर बसलेल्या तालायशी हुज्जत घालत होती.

"हा कोण?"

"तुमचे मालक, आपा. थडग्यावर बसवायचा फोटो. रंग नीट करून दिलेत."

"निळा पडलाय. मेल्यावरसुद्धा इतका निळा नव्हता."

"असं कसं? फोटोत जे पांढरं असेल त्यावर टिचकी मारायची, बाकीचे रंग आपोआप जुळतात. मी टोपीवर मारली. कलपाक पांढरीच असते ना."

"दुकानात असते. यांची तीस वर्षं धुरात आणि मेंढीच्या चरबीत मुरलेली. पिवळीधमक होती."

"मग चेहरा निळा पडणारच. धुवायची होती एकदा."

"धुते म्हटलं की माणूस घर सोडून कुरणावर जायचा. कर पिवळी."

"केली. पण आता नाक लाल दिसतंय."

"आले बघ हे. हाच दे. नाहीतर वर्षाच्या जेवणाला लोक विचारतील, हिनं इथं दुसराच कोण पुरलाय."

म्हातारी फोटो घेऊन गेली. तालायनं सायकालच्या वडिलांचा फोटो पडद्यावर उघडला.

"ताई, तुमच्या बाबांची टोपी तरी पांढरी होती ना?"

"होती. डाव्या काठावर चहाचा डाग आहे."

"दिसला. काढून टाकू?"

"तेच सांगायला आले होते," सायकाल म्हणाली. "आता राहू द्या तो. टिचकी तेवढी डागापासून जरा लांब मारा."