जेली तेवढी मी चाखायचो

आम्ही मूळचे सांगलीकडचे, जैन. आईचं सगळं कडक, अष्टमी-चतुर्दशीला उपास, दिवस मावळायच्या आत जेवण. माझं नाव शीतल, आमच्याकडं पुरुषांचं असतंय हे नाव, पण इकडं दोनदा मला फॉर्मवर बाई करून ठेवलंय, ते जाऊ दे. दोन हजार आठ साली ऑकलंडला आलो बिझनेसचा डिप्लोमा करायला, आणि डिप्लोमा झाला, बिझनेस काय झाला नाही, मग टाकानिनीजवळ एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये भांडी घासायला लागलो. भांड्यावरून भाजी चिरण्यावर आलो, त्यावरून कुक झालो, रेसिडेन्सी मिळाली. निघताना आईनं एकच मागितलं होतं बघा, तोंडाला मांस लावू नकोस, बाकी तुला काय करायचं ते कर.

आता तुम्ही विचाराल की किचनमध्ये रोज रोस्ट, स्ट्यू, मासे, आणि चव कशी घ्यायचास? तर चव मेले घ्यायची. मेले म्हणजे आमच्याकडची टोंगन बाई, टोंगा बेटावरची, पन्नाशीची, माझ्याआधीपासून तिथं आहे. मी ग्लोव्हज घालून शिजवायचो, वासावरून मीठ टाकायचो आणि डाव तिच्यापुढं धरायचो, ती चाखायची, म्हणायची मोअर सॉल्ट, शीतल, किंवा म्हणायची स्वीट ॲज, म्हणजे इकडच्या बोलीत झकास, आणि ताटं निघायची. अशी सहा वर्षं काढली. फक्त जेली तेवढी मी स्वतः चाखायचो. साखर, रंग, पाणी, त्यात काय असणार? पाकिटावर जिलेटिन लिहिलेलं वाचलं होतं की मी, वाचलं नाही असं नाही, पण आमच्या घरी आई चायना ग्रास घालून दूध जमवायची, मला वाटलं तसलंच काहीतरी, इंग्रजीतलं. एवढ्या मोठ्या किचनात माझ्या जिभेचं असं काही असेल तर ती जेली, आणि खरं सांगू, मी वाटी वाटी खायचो.

तर आमच्याकडं हिवाळा संपत आला की, म्हणजे इकडं ऑगस्टात, जेली डे असतो. म्हातारी माणसं पावसानं कंटाळलेली असतात, म्हणून कागदाच्या टोप्या घालायच्या, ज्याच्या त्याच्या टेबलावर जेली, आणि ज्यांची जेली जास्त हलेल ते टेबल जिंकलं. नव्वदीची माणसं टेबल हळूच हलवून लबाडी करतात, काय सांगू तुम्हाला! अठरा साली मेलेनं तिच्या अंगणातल्या किवीची पिशवी आणली, आणि मी म्हटलं दरवर्षी काय डब्यातले पीच घालायचे, यंदा ताजी किवी घालू. सहा ट्रे लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडला तर हिरवं पाणी. परत बर्फात ठेवलं, तरी पाणी. आणि बाहेर टोप्या घालून माणसं बसलेली.

मेले आली, बघितलं, आणि हसत सुटली. म्हणाली, अरे कच्ची किवी घातलीस होय, आम्ही घरी मटण लवकर मऊ व्हावं म्हणून किवी चोळतो त्याला. मी म्हटलं मटणाचा काय संबंध, जेलीत कुठं मटण आहे? ती हसायची थांबली. म्हणाली, यू डोन्ट नो? आणि मग हळू आवाजात सांगितलं, जनावराचं कातडं, हाडं उकळून काढतात ते जिलेटिन.

मला कळेनाच. म्हणजे ऐकू आलं, पण कळेना. ते हिरवं पाणी आम्ही पेल्यात ओतलं, वर आइस्क्रीम टाकलं, मार्गारेट म्हणून एक आजी आहेत त्या म्हणाल्या लव्हली, डिअर. सहा वर्षं गुणिले किती वाट्या, याचा हिशेब तरी कसा करायचा? घरी येऊन पुण्याच्या एका मित्राला फोन केला, तो आयटीत आहे, त्याला वाटलं माझं सांत्वन करतोय. म्हणाला, अरे एवढं काय, औषधाच्या कॅप्सूल पण बऱ्याचशा त्याच्याच असतात.

आणि मी आईला दर चार महिन्यांनी इकडून व्हिटॅमिनच्या कॅप्सूल पाठवतोय. डॉक्टरनीच सांगितलेलं, तिला अशक्तपणा आहे. पुढचा पाठवायचा डबा काढून वाचलं. होतं.

पुढं पर्युषण आलं, मग क्षमावाणी. त्या दिवशी आम्ही सगळ्यांची माफी मागतो, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा. दरवर्षी आई फोनवर विचारते, तोंडाला काही लागलं नाही ना, आणि मी म्हणायचो नाही. त्या दिवशी माझ्यानं म्हणवेना. सांगून टाकलं जेलीचं सगळं. आई म्हणाली, तुला ठाऊक नव्हतं ना, मग झालं. मला वाटलं सुटलो. आठवड्यानं बहिणीनं सांगितलं, आईनं उपास वाढवलेत, दर सोमवारी, तुझ्या नावानं.

आता मला सांगा, खाल्लं मी आणि उपाशी ती, हे कसलं गणित? आणि त्यात तिच्या कॅप्सूलचं मी बोललोच नाही. कसं बोलणार? आयुष्यभर ज्या बाईनं अंड्याचा केकसुद्धा खाल्ला नाही, तिला सांगू, की माझ्या हातचं खाऊन तुझं व्रत मोडलं? मी दुसऱ्या गोळ्या शोधल्या, साध्या, त्यात ते नसतंय, दुकानदाराला तीनदा विचारून घेतल्या. आई म्हणते, या नव्या कडू आहेत रे, आधीच्या बऱ्या होत्या, पटकन उतरायच्या. मी म्हणतो, त्या आता मिळत नाहीत. धडधडीत खोटं. हे बरोबर की चूक, मला आजही कळत नाही, तुम्हाला कळत असलं तर सांगा.

आता जेलीही मेलेच चाखते. आणि शुक्रवारी मी जेवत नाही, आईच्या नावानं, तिला ठाऊक नाही. स्ट्यूचा डाव पुढं धरला की मेले विचारते, परत उपास, कुणाचं काय झालं का? म्हणतो काही नाही, आई आहे माझी, बरी आहे. ती म्हणते देव तिला बरी ठेवो. आणि चाखते, म्हणते थोडं मीठ घाल.