माकणीच्या यादीतली जगदेवी

…व्हय, दोन्ही फोटो माझेच हायती. मोबाईलकडं बघून माझ्याकडं, माझ्याकडं बघून मोबाईलकडं — किती येळ बघायलीस? नाकातली मोरणी बी तीच हाय. बस आधी. शुभांगी म्हणलीस न्हवं? अंगणवाडीतली? मतदार यादी बी आता तुमच्याच गळ्यात — बरं हाय सरकारचं. च्या घे. हे फुडं कुंकवाच्या दुकानात हायती, आत येत न्हायती, तू बोल. काय म्हणतंय तुझं यंत्र? तुळजापूरची श्रीदेवी आन् माकणीची जगदेवी, चेहरा एकच? हुशार हाय की. आमच्या ह्यांस्नी अठ्ठावन वर्षांत जे दिसलं न्हाय, ते त्याला एका दिसात दिसलं.

चूक? व्हय, चूकच म्हण. माझा भाऊ महांतेश, माकणीला असतो, त्यानं घोळ घातला — माहेरचं नाव यादीत तसंच ठिवलं. आता असं बघ, लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिवलं, श्रीदेवी. म्या शेजारीच बसलेली, पर मला कुणी इचारलं न्हाय. सकाळी जगदेवी होते, पंगतीला बसले ती श्रीदेवी. नाव वाईट न्हाय गं, पर कुणी हाक मारली की म्या मागं वळून बघायची — कुणाला बलवतेत म्हणून. मग एकवीस पुरी झाली — तवा मताला एकवीस लागायची — सासऱ्यांनी हितं नाव घातलं. आन् तिकडं — तिकडं म्याच महांतेशला म्हणलं, माझं बी घाल. न्हाय न्हाय, हे लिवू नको. पेन खाली ठेव. भावानं केलं म्हणून लिव.

का घाल म्हणलं? त्याला आमची अव्वा, म्हंजे आई, कारण. पैल्या इलेक्शनला म्या कडेवर होते, हे सगळं शेजारच्या कुलसुमबी खालानं सांगितलेलं. निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाल्ती. निजामाला बाईचं मत लागत न्हवतं, तवा नाव बी लागत न्हवतं. आता दारात यादीवाला उभा — नाव काय? अव्वा म्हणली, महांतेशची आई. अहो, तुमचं सोताचं नाव? महांतेशची आई. नवऱ्याचं? ते तर ती सपनात बी घेणार न्हाय. लिवलं बिचाऱ्यानं तसंच. वर कुणी सायेब म्हणला, असलं नाव चालत न्हाय — काटलं. अव्वाला कुठं ठाव? मतदानाला इरकली लुगडं नेसून, मला कडेवर घिऊन शाळेत गेली. कुलसुमबी खालाचं नाव निघालं, अव्वाचं न्हाय. लिंबाखाली बसून ऱ्हायली. खाला शाईचं बोट नाचवत भाईर आली, म्हणली, नीलव्वा, मैं तो अपना नाम बोल दी, जबान नइ झडी मेरी. लई हासायची सांगताना.

पाच वर्षांनी परत यादीवाला आला. ते मला चांगलं आठवतंय. समोर पारावर गाव बसलेला, आन् अव्वा दारात उभी ऱ्हाऊन म्हणली, नीलव्वा बसप्पा बिराजदार, लिवा. नवऱ्याचं बी घेतलं, एका दमात. आज्जीनं दोन दिस अबोला धरला. पर मतदानाला मास्तरनं नाव पुकारलं — पुकारतेत न्हवं, सगळ्या पार्ट्यांच्या माणसांस्नी ऐकू जाईल असं — तवा अव्वानं माझं बोट इतकं दाबलं की दुखायलं. पाटलाचं नाव बी त्याच आवाजात, गावकुसाभाईरच्या माणसाचं बी त्याच आवाजात, आन् माझ्या अव्वाचं बी.

म्या किती येळा गेले? जाते की. हितं नगरपालिका, तिकडं ग्रामपंचायत, तारखा येगळ्या. कुणाला मत देते? खरं सांगू का — एकदा तर तिकडं मतपत्रिका शिक्का न मारताच घडी घालून पेटीत टाकली. हितलं मत म्या देते, इचार करून, ह्यांस्नी न सांगता. तिकडं म्या नुसती ऐकायला जाते. मास्तर म्हणतो, जगदेवी बसप्पा बिराजदार. बास. पाच वर्षांतनं एकदा. अव्वा गेली, महांतेश बाय म्हणतो, हितं म्या काकू, आज्जी, श्रीदेवी. ते नाव पुकारणारं आता सरकार सोडून कुणी न्हाय गं. हे असं बोलायचं न्हवतं मला. च्या थंड झाला बघ तुझा.

तर एक काटायचं म्हणतीस. बरोबर हाय. पाटलाला बी एकच, आपल्याला बी एकच — दोन ठिवणं म्हंजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं. चुकलंच माझं. काट. माकणीचं काट.

काय? नाव दुरुस्त करता येतंय? हितल्याच यादीत? मग इतका येळ काय ऐकत बसलीस? पुरावा — थांब, ट्रंकेत चौथीचा दाखला हाय, उंदरांपासनं सांभाळलाय. हे बघ. जगदेवी. फुडं नाव-आडनाव ह्यांचंच ऱ्हाऊ दे, भांडण कशाला, माणूस चांगला हाय. ते तूच लिव, म्या त्यांचं नाव घेत न्हाय. हासू नको. अव्वानं घेतलं व्हय, पर ती अव्वा होती.

लिवलंस? वाच. असं पुटपुटू नको, मास्तर पुकारतो तसं. आणिक एकदा — जरा मोठ्यानं.

ऐकलंस, हे फुडनं काय इचारायलेत? कोण जगदेवी, कुंकू न्यायला आलीय का म्हणून. तू जा आता पोरी, मागच्या दारानं जा. म्या जाते फुडं, वळख करून देते.