पक्षाचं उद्यापन

अगं, आमच्या गल्लीतलं दारूचं दुकान बंद होईपर्यंत मंगळवार करीन, असं मी देवीला बोलले होते. पक्षवाले त्या दुकानाविरुद्ध लढणार म्हणाले, म्हणून तर मी पक्षात गेले. आणि पक्षाने काय करावं? दुकानदारालाच वॉर्डाचा अध्यक्ष केलं!

मी भांडले नाही. महिला आघाडीतल्या सगळ्यांना उद्यापनाचं जेवण सांगितलं, पुरणपोळीचं.

आमच्या प्रमुख शोभाताई पहिला घास घेता घेता म्हणाल्या, "म्हणजे दुकान बंद झालं म्हणायचं?"

"छे हो, जोरात चाललंय."

"मग मंगळवार कसे सोडलेत?"

"मंगळवार चालूच आहेत. पक्ष सोडला. हे त्याचं उद्यापन."

शोभाताईंचा हात थांबला. मला वाटलं, इतक्या वर्षांची मैत्रीण आता ताटावरून उठून जाते की काय! त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, जरा तूप वाढा. आणि पुढच्या आठवड्यात माझ्याकडे जेवायला या. माझंही उद्यापन उरकून टाकते."

तूही तुझ्या पक्षाला वैतागलीयेस ना? मग तणतणत निघू नकोस बाई. पुरण शिजव आणि सगळ्यांना बोलाव.