घंटेच्या दहा ओळी

...आणि मला सांगा, दहा ओळींच्या प्रोग्रामसाठी कुणी कुणाच्या डोक्यात कीबोर्ड घालतं का? दहा ओळी हो, मोजून दहा. शाळेतल्या शिपाईकाकांचा खांदा निखळला, आता घंटा कोण देणार असं बाईंनी विचारलं, आणि वर्गात कधी तोंड न उघडणारी मी, काय अवदसा आठवली कोण जाणे, हात वर करून म्हणाले, "मी कॉम्प्युटरवरून वाजवते. सोमवारपासून." झालं. अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. सोमवारी घंटा वाजली नाही तर मला शाळाच बदलावी लागली असती.

आता आमच्या घरी बाबा आणि मामा दोघंही प्रोग्रामर. बाहेरच्या खोलीत समोरासमोर टेबलं लावून एकत्र धंदा करतात. म्हटलं, घरचेच जाणकार आहेत, कोड कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहू ते रविवारी विचारावं. तिथंच चुकलं.

बाबा म्हणाले, "माझंच वापर बाळा. चुका दाखवतं, अर्धी ओळ लिहिलीस की उरलेली तेच लिहितं." तुम्हाला सांगते, बाबांचं ते प्रकरण उघडेपर्यंत आई सगळे कपडे वाळत घालून येते. तिकडून मामा, "भावजी, घंटा वाजवायचीय, रॉकेट नाही सोडायचं. पोरीला पांगळी करू नका. इकडे ये गं. काळा पडदा, नुसता कीबोर्ड, माउसला हात लावायचा नाही." त्या काळ्या पडद्यातून बाहेर कसं पडायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. एकदा अडकले होते, सरळ प्लग ओढला.

अहो, दहा ओळी.

पण दोघांनी काय करावं? माझी एकच फाइल आपापल्या मशीनवर उघडली. बाबांनी सेव्ह केलं की मामाचं पुसलं जायचं, मामानं केलं की बाबांचं. असं चारदा. पाचव्यांदा मामानं कात्री घेतली आणि बाबांच्या माउसची वायर कापली, अगदी शांतपणे, दोरा कापावा तशी. "आता शिका," म्हणाला. बाबांनी कीबोर्ड उचलून त्याच्या भुवईवर असा हाणला की बटणं खोलीभर उडाली, एक माझ्या चहात. मामा बाबांच्या दंडाला कडकडून चावला. बाबांनी त्याला खुर्चीसकट ढकललं, पण ती चाकांची खुर्ची, भिंतीला आपटून परत आली, आणि येता येता मामानं बाबांच्या डोक्यात स्क्रीन घातला. आई दारात उभी, नवऱ्याला आवरू की भावाला... शेवटी तिनं झाडूनं दोघांनाही सारखंच हाणलं.

दहा ओळी हो, दहा.

दवाखान्यात टाके घालता घालता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भुवईला बारीक सुई, डोक्याला जाड. काम बघून सुई घ्यायची, भांडायचं काय त्यात?" दोघांनी माना डोलावल्या. "पटलं," बाबा म्हणाले. मामानं विचारलं, "मग घंटेचं काम बारीक का जाड?" ट्रेमधली कात्री आधी कुणी उचलली ते मला दिसलं नाही, पण मामाचा एक टाका उसवला आणि परत घालावा लागला.

मी बाहेर बाकावर बसून केसपेपरच्या मागे पेन्सिलीनं दहा ओळी लिहिल्या. सोमवारी लवकर जाऊन शाळेतल्या कॉम्प्युटरवर साध्या नोटपॅडमध्ये टाइप केल्या. आठच्या ठोक्याला घंटा वाजली. शिपाईकाका हात गळ्यात अडकवून ऐकत होते. "माझ्यापेक्षा वेळेवर देतेस गं," म्हणाले.

बाई तर इतक्या खूश... "आता सगळ्या वर्गांचं वेळापत्रक कर. बाबा आणि मामा आहेतच की मदतीला."

मी अंदाज काढला, दोनशे ओळी होतील. दहा ओळींना अकरा टाके पडलेत. पुढचं गणित तुम्हीच करा.